दिव्याखाली अंधार

भर दुपारी रस्त्यावरचा दिवा जळताना तुम्ही पाहिला आहे का? अमरावतीत राहत असा की अकोल्यात, कधी ना कधी पाहिलाच असेल. आपण हसतो आणि पुढे जातो. पण ती वीज कोठून येते, याचा विचार केला तर हसू येणार नाही. अकोला जिल्ह्यात पारस येथे कोळशावर चालणारे ५०० मेगावॉटचे वीज केंद्र आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे १३५० मेगावॉटचे आहे. कोळसा जळतो, धूर हवेत जातो, राखेचे ढीग मागे उरतात. अशी ही वीज आपण उन्हाला उजेड दाखवण्यासाठी खर्च करतो!

'वीज हे सरकारचे काम आहे, महानगरपालिकेचा त्यात काय संबंध?' असे पुष्कळ लोक म्हणतात. मला हे पटत नाही. महानगरपालिका वीज तयार करीत नाही, हे खरे. परंतु १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कामांची जी यादी दिली, तीत रस्त्यावरचे दिवे आहेत, पाणीपुरवठा आहे, इमारतींवरचे नियंत्रण आहे. घरपट्टीही महानगरपालिकाच घेते. शहराची वीज वाचवण्याच्या बऱ्याच किल्ल्या याच जुडग्यात आहेत.

पाण्याचेच पाहा. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून पाणी मिळते, अमरावतीला अप्पर वर्धा धरणातून. (अमरावतीत हे काम महानगरपालिकेकडे नसून जीवन प्राधिकरणाकडे आहे.) पाणी उंच टाकीत चढवायला पंप लागतो आणि पंपाला वीज लागते. म्हणून फुटक्या नळातून पाणी वाहते, तेव्हा वीजही गटारात जात असते.

मनावर घेतले तर शहर पुष्कळ करू शकते. अमरावती महानगरपालिकेने सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापवणारे बंब बसवणाऱ्यांना घरपट्टीत सूट दिली होती. अमरावती आणि अकोला ही दोन्ही शहरे २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहेत. हवा बिघडली म्हणूनच त्यांची नावे तेथे आली. पण २०२५ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात ३ ते १० लाख वस्तीच्या शहरांमध्ये अमरावतीचा देशात पहिला क्रमांक आला. अकोलेकरांना याचा थोडा हेवा वाटला तरी चालेल.

आता घरांच्या छतांविषयी. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली. ३ किलोवॉटच्या सौर संचासाठी तिच्यात ७८,००० रुपये अनुदान ठेवले आहे. योजना चांगली आहे. परंतु छत आपले हवे आणि वीजबिल आपल्या नावावर हवे. आपल्या मोहल्ल्यातली घरे डोळ्यांसमोर आणा. खाली मोठे अब्बा, वर चाचा, मागच्या खोलीत भाडेकरू, त्यावर टिनाचे छप्पर आणि मीटर मात्र दादांच्या नावावर. दादांचा इंतकाल होऊन वीस वर्षे झाली! अशा घरावर सूर्य रोज येतो, योजना येत नाही. घरपट्टीच्या नोंदीत वारसांची नावे लावण्याचे काम महानगरपालिकेचे आहे. तिने मोहल्ल्यात येऊन, शिबिर भरवून ही नावे लावून दिली, तर कागदांची अडचण पुष्कळ कमी होईल. सौर ऊर्जेवरच्या दहा भाषणांपेक्षा घरपट्टी विभागातला एक कामसू कारकून मला जास्त मोलाचा वाटतो.

आणि ज्यांना स्वतःचे छतच नाही, त्यांचे काय? त्यांच्यासाठी शाळेचे छत आहे. महानगरपालिकेच्या शाळांची, त्यांत उर्दू शाळाही आल्या, छते रुंद आणि रिकामी आहेत. साधारण १०० चौरस फूट जागेत १ किलोवॉटचा संच बसतो आणि तो दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देतो. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा शाळेला सुट्टी असते, पण छताला नसते. त्या दिवसांची जास्तीची वीज तारांतून महावितरणकडे जाते आणि पुढच्या बिलांतून वजा होते. जूनच्या अखेरीस तुम्ही घामाघूम होऊन वर्गात बसता, तेव्हा पंखा मेच्या उन्हाच्या जमेवर फिरू शकेल. म्हणून माझे म्हणणे असे की, लोकांना उपदेश करण्यापूर्वी महानगरपालिकेने आपल्या शाळांपासून सुरुवात करावी.

हे सांगायचे कोणाला? मार्च २०२२ मध्ये दोन्ही महानगरपालिकांची मुदत संपली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षे नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या. आता दार ठोठावायला माणसे आहेत.

'चिराग तले अंधेरा' ही म्हण तुम्ही घरी ऐकली असेल. मराठीत तिलाच 'दिव्याखाली अंधार' म्हणतात. ती मी सातवीच्या वर्गात शिकवली, तेव्हा मुलांनी शाळेच्या वाटेवरचे, दिवसा जळणारे दिवे मोजून आणले. अकरा निघाले. अर्ज मराठीत लिहिला. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले, ते मी तसेच राहू दिले. आम्ही तो एका कचेरीत नेऊन दिला. तेथील साहेबांनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, "खांबांचे नंबर काय?" खांबांवर नंबरच नव्हते. दुसऱ्या दिवशी मुले खडू घेऊन गेली आणि अकराही खांबांवर नंबर टाकून आली.