डिस्कचं डोकं फिरलं!

‘बॅकअप घेतलायस ना?’ आणि ‘लग्नाचं काय ठरवलंयस?’ या दोन्ही प्रश्नांना माझं एकच उत्तर असायचं. करू ना, घाई काय आहे!

मागच्या महिन्यात पहिल्या प्रश्नाने माझी पुरती जिरवली.

झालं काय, एम्प्रेस मिलच्या जुन्या कामगारांवर मी एक मोठी स्टोरी करत होते. जमशेटजी टाटांनी नागपुरात ही मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, म्हणून नाव एम्प्रेस! मिल होती तिथे पुढे मॉल आला. त्याच जागी कुणाची तरी तीस वर्षं मशीनच्या खडखडाटात गेली, हे आपल्या गावीही नसतं. मी सात म्हाताऱ्या कामगारांशी बोलले. चौदा तासांचं रेकॉर्डिंग झालं. त्यातले एक आजोबा दिवाळीनंतर गेले. त्यांचा आवाज माझ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर होता. आणि फक्त तिथेच. रेकॉर्डरचं कार्ड मी कधीच रिकामं केलं होतं, पुढच्या इंटरव्ह्यूसाठी.

एका सोमवारी डिस्क लावली. लाइट लागला, आतली तबकडी फिरायला लागली... आणि लॅपटॉप जागच्या जागी गोठला. वायर बदलली, पोर्ट बदललं, शेजारच्या काकांचा कॉम्प्युटर वापरून पाहिला. तेच. डिस्क पडली नव्हती, आपटली नव्हती, चहासुद्धा सांडला नव्हता.

मग सुरू झाले सल्ले. एक मित्र म्हणाला, फ्रीजरमध्ये ठेव रात्रभर. (प्लीज, हे करू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि उरलीसुरली आशाही जाते.) दुसरा म्हणाला, तसलीच डिस्क घेऊन तिचं सर्किट बोर्ड बसव. बर्डीवरच्या एका दुकानदाराने तर हसतहसत सांगितलं, ‘फॉरमॅट मारून देतो, एकदम नवी होऊन जाईल!’ हो, आणि आजोबा?

शेवटी कुणीतरी रामदासपेठेतला एक पत्ता दिला. सेंट्रल बाजार रोडच्या आतल्या गल्लीत, पॅथॉलॉजी लॅबच्या बाजूला एक छोटी खोली. अख्खं रामदासपेठ हॉस्पिटलांनी भरलेलं, त्यात हाही एक दवाखानाच म्हणायचा! टेबलावर उघड्या डिस्क, भिंतीला टांगलेल्या वायरी. तिथल्या दादाने माझी डिस्क लावली आणि कान देऊन ऐकली. अगदी डॉक्टर छाती तपासतात तशी.

‘खटखट नाही, करकर नाही. बरोबर फिरून राहिली. पडली होती का मॅडम?’

‘नाही हो दादा.’

‘मग मेली नाही ती. डोकं फिरलंय तिचं. फर्मवेअर!’

आपण डिस्कला डबा समजतो. प्रत्यक्षात तो एक छोटा कॉम्प्युटर असतो. त्याला स्वतःचा प्रोसेसर असतो आणि तो चालवणारा स्वतःचा प्रोग्रॅम. हाच फर्मवेअर. त्याचा थोडा भाग सर्किट बोर्डावरच्या चिपमध्ये असतो, बाकीचा बराचसा तबकडीवरच्याच एका राखीव पट्ट्यात. त्याला सर्व्हिस एरिया म्हणतात. आपल्याला तो कधीच दिसत नाही. तबकडीवरच्या कुठल्या जागा खराब झाल्या, त्यांच्याऐवजी कुठल्या वापरायच्या, याच्या याद्या तिथे असतात. शिवाय चिपमध्ये त्या एकाच डिस्कला लागू पडणारी मापं भरलेली असतात. म्हणून दुसऱ्या डिस्कचा बोर्ड नुसता आणून लावला तर सहसा चालत नाही.

माझ्या डिस्कमध्ये या याद्यांचाच घोळ झाला होता. एखाद्या सरकारी ऑफिसात आपण फाइल मागायला जावं आणि बाबूने रजिस्टरमधून मान वर काढू नये, तसं. फाइल आत आहे, बाबूही आहे, पण लिहिणं संपत नाही!

आणि हे फक्त माझ्याच बाबतीत घडलं असं नाही. माझी डिस्क वेगळी होती, पण या प्रकारातली सगळ्यात गाजलेली केस सीगेटची. २००८ च्या अखेरीस त्यांच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेतल्या काही डिस्क पॉवर दिल्यावर अचानक ओळखच देईनात. आतला डेटा शाबूत, दार मात्र बंद. डिस्कच्या अंतर्गत नोंदवहीतला आकडा ठरावीक जागी पोचला की फर्मवेअर सुरू होतानाच अडकत होता. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने चूक मान्य करून दुरुस्त फर्मवेअर दिला. गंमत म्हणजे, त्या पहिल्या अपडेटनेच काही ५०० जीबीच्या डिस्क बंद पाडल्या. मग तो मागे घेऊन पुन्हा नवा!

एसएसडी घेतली म्हणजे सुटलो, असंही नाही बरं का. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने आपल्या ग्राहकांना सावध केलं, की सर्व्हरमधल्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात. तास मोजणारं मीटर तिथे भरतं. आणि एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क एकाच दिवशी जाणार. म्हणजे डिस्क आणि तिचा बॅकअप, दोघेही हातात हात घालून!

आमच्या दादाने आधी सर्व्हिस एरियाची कॉपी काढून ठेवली. ‘पहिले जे आहे ते वाचवायचं, मग हात लावायचा.’ मग खास हार्डवेअर लावून, डिस्कशी तिच्याच भाषेत बोलून, तो याद्या लिहिण्याचा उद्योग बंद केला. त्यानंतर आपल्या नेहमीच्या कॉपी-पेस्टने नाही, तर सेक्टरमागून सेक्टर सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. दोन दिवस लागले. बिलात नव्या दोन डिस्क आल्या असत्या.

‘ही वापरू का परत?’ मी विचारलं.

‘पेपरवेट म्हणून वापरा.’

घरी येऊन हेडफोन लावला. आजोबा बोलत होते. पाळीचा भोंगा, डब्यातली भाकर, पहिला पगार... सगळं होतं. फक्त ते आपल्या जॉबरचं नाव सांगतात, तिथे काही सेकंद शांतता आहे. तेवढे सेक्टर खरोखरच गेले होते. बंद पडल्यावरही मी डिस्क वीसेक वेळा लावून पाहिली, त्याने भर पडली असेल, असं दादा म्हणाला. आता ते नाव कुणाला विचारू?

सध्या माझ्याकडे प्रत्येक गोष्टीच्या तीन कॉपी असतात. दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी आणि त्यातली एक घराबाहेर. आजोबांच्या रेकॉर्डिंगची घराबाहेरची कॉपी मी त्यांच्याच घरी नेऊन दिली. पेन ड्राइव्ह हातात घेताना त्यांची नात म्हणाली, ‘ताई, आमच्याकडे त्यांचे फोटो खूप आहेत. आवाज एकही नव्हता.’

तर मंडळी, हे वाचून झाल्यावर मेल चेक करण्याआधी एक काम करा. नाही, लग्नाचं नाही. ते दुसरं!