दौऱ्याची गाडी आणि गाडीतला टेप



पावसाळा सरत आला की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शाखांना दौऱ्यांचे वेध लागतात. वर्षावासाची सांगता, नागपूरची दीक्षाभूमी आणि पाठोपाठ १५ व १६ ऑक्टोबरला चंद्रपूरचा धम्मचक्र अनुप्रवर्तन दिन. १९५६ साली नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चांद्याला येऊन आपल्या माणसांना दीक्षा दिली. त्या दिवसाची याद म्हणून आजही सिरोंचा, अहेरी, धानोरा, कुरखेड्यापासून माणसे मिळेल त्या वाहनाने येतात. काही शाखांनी वर्गणी काढून जुनी बोलेरो किंवा सुमो घेतली आहे. गाडी आली की तिच्या दुरुस्त्या आल्या, आणि दुरुस्त्यांच्या यादीत कधी ना कधी हा विषय येतोच : गाडीतला टेप बंद पडला, आता कोणता बसवायचा?

विषय किरकोळ वाटेल. पण बैठकीत यावरून जेवढा वाद होतो तेवढा संस्थेच्या घटनादुरुस्तीवरही होत नाही. म्हणून या वेळी त्यावरच लिहीत आहोत.

टेप हवाच कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना आम्ही नावे ठेवत नाही. वर्गणीतला रुपया धानाच्या बांधीतून आणि तेंदूपत्त्याच्या पुड्यांतून आलेला असतो. तो खर्च करताना हात आखडलाच पाहिजे. पण हिशेब पुरता मांडावा. समजा, साधे यंत्र चार हजारांचे, दोन स्पीकर दीड हजाराचे आणि जोडणीचे पाचशे, असे सहा हजार झाले. गाडी वर्षाला दहा हजार किलोमीटर चालली आणि यंत्र पाच वर्षे टिकले, तर किलोमीटरमागे बारा पैसे पडतात. डिझेलला याच किलोमीटरमागे सात-आठ रुपये जातात. तेव्हा खर्च फार मोठा नाही. मात्र तो पाच वर्षे टिकला पाहिजे, ही अट आहे. स्वस्त म्हणून दरवर्षी नवे यंत्र घेणाऱ्या शाखेचा हिशेब याच ठिकाणी चुकतो.

आता उपयोग पाहा. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोली सुमारे ८० किलोमीटर. तिथून चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करीत सिरोंचाला जायचे तर आणखी सुमारे दोनशे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, पण रस्ता काही आखूड झाला नाही. एवढ्या वाटेत लहान मुले कुरकुरतात, म्हातारी माणसे कंटाळतात, आणि रात्रीच्या परतीला चालकाच्या डोळ्यांवर झापड येते. गाणे, भाषण, धम्मग्रंथाचे वाचन यांनी वाट सुसह्य होते, शिवाय मोकळा वेळ प्रबोधनाला लागतो.

एक मात्र ठाम सांगतो. टेप हे झोपेवरचे औषध नाही. आवाज वाढवून झोप हटत नाही, ती फक्त काही मिनिटे लपते. रात्रीच्या दौऱ्याला दुसरा चालक सोबत घ्यावा. नसेल तर विहारात मुक्काम करावा आणि पहाटे निघावे.

दुकानात जाण्यापूर्वी

पहिले काम म्हणजे गाडीतील खाच मोजणे. जुन्या गाड्यांत बहुधा सुमारे १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच अशी एकेरी खाच असते. दुहेरी खाच उंचीने दुप्पट, म्हणजे १०० मिलिमीटर. एकेरी खाचेत मोठ्या पडद्याचे यंत्र घुसवण्यासाठी डॅशबोर्ड कापू देऊ नका. कापलेला डॅशबोर्ड खडखडतो आणि गाडी विकताना भाव पाडतो.

दुसरे म्हणजे गाडीची बॅटरी. जीप, कार यांची बॅटरी १२ व्होल्टची असते आणि गाडीचा टेपही १२ व्होल्टचाच. मोठ्या बस-ट्रकला २४ व्होल्ट असतात. तिथे हे यंत्र थेट जोडले की जळालेच समजा.

तिसरे, रेडिओचा विचार. १९३० साली अमेरिकेत गॅल्व्हिन यांच्या कंपनीने मोटारीतला रेडिओ बाजारात चालवून दाखवला, आणि त्यातूनच ‘मोटोरोला’ हे नाव पुढे आले. रेडिओची गोडी आपल्याकडेही आहे, कारण बाबासाहेबांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरूनच देशाला सांगितले होते. पण आपल्या वाटांवर रेडिओ किती चालतो ते ओळखून पैसे मोजावेत. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. डोंगर आडवा आला, अंतर वाढले की खरखर सुरू होते. चंद्रपूरचे आकाशवाणी केंद्र शहरात स्वच्छ लागते, आलापल्लीच्या पुढच्या जंगलात त्याची आशा धरू नये. मध्यम लहरी जमिनीला धरून दूर जातात, पण बऱ्याच स्वस्त यंत्रांत ती सोयच नसते. मोबाइलवरून इंटरनेटची गाणी लावू म्हणाल, तर भामरागडच्या वाटेवर रेंज कुठे असते आणि कुठे नसते हे तिकडच्या वाचकांना सांगायला नको. तात्पर्य, जे ऐकायचे ते सोबत न्यावे. पेन ड्राइव्ह लागणारे यंत्र हाच आपला मुख्य आधार.

भाषण ऐकायचे की गाणे?

दुकानदार हा प्रश्न विचारत नाही, पण आपण स्वतःला विचारावा. गाणे पाच मिनिटांचे असते. अर्धे राहिले तरी पुन्हा लावता येते. भाषण किंवा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन तासभराचे असते. चहासाठी गाडी थांबली, किल्ली बंद केली, आणि परत चालू केल्यावर वाचन पहिल्या वाक्यापासून सुरू झाले, तर तिसऱ्या थांब्याला कोणी ऐकत नाही. म्हणून जिथे थांबले तिथूनच पुढे चालू होणारे यंत्र घ्यावे. ही सोय आहे की नाही ते डब्यावरच्या मजकुरावरून ठरवू नये. आपला पेन ड्राइव्ह खिशात घालून जावे, दुकानात यंत्र जोडायला लावावे, मध्येच बंद करून पुन्हा चालू करून पाहावे.

पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. बहुतेक साधी यंत्रे तोच वाचतात. त्यात वेगवेगळे फोल्डर करावेत : वंदना व सुत्तपठण, भीमगीते, भाषणे, मुलांच्या गोष्टी. ब्लूटूथ असेल तर चांगलेच, पण त्यासाठी चालकाने मोबाइल हातात घेता कामा नये. हातात मोबाइल धरून गाडी चालवणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात धोकादायक वाहन चालवण्यात स्पष्टपणे मोडते. गाणे बदलण्याचे काम शेजारी बसलेल्याचे. आवाजासाठी गोल फिरणारी खुंटी असलेले यंत्र बरे. खड्ड्यांच्या रस्त्यावर काचेच्या पडद्यावर बोट नेमके पडत नाही आणि नजर मात्र रस्त्यावरून हटते. चित्रपट दाखवणारा पडदा तर चालकासमोर नकोच.

दोनशे वॅटची जादू

डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असते, ‘५० वॅट गुणिले ४’. म्हणजे दोनशे वॅट! आम्ही वाणिज्य शाखेचे, पण गुणाकार येतो. पुष्कळ यंत्रांच्या मागे १० अँपिअरचा फ्यूज असतो. गाडी चालू असताना साधारण १४ व्होल्ट मिळतात. चौदा दाहे एकशेचाळीस. आत येणारी वीजच एकशेचाळीस वॅटची, तर बाहेर दोनशे कुठून निघणार? ‘मॅक्स’ हा आकडा क्षणभराचा असतो. सतत मिळणाऱ्या ताकदीला ‘आरएमएस’ म्हणतात आणि ती साध्या यंत्रांत वाहिनीमागे वीसएक वॅटच्या आसपास असते. तेवढी गाडीसाठी भरपूर आहे.

आवाज फाटतो तो बहुधा यंत्रामुळे नाही, स्पीकरमुळे. दाराच्या आत पावसाचे पाणी झिरपून कागदी पडदा कुजलेला असतो. तेव्हा यंत्रावर दोन हजार जास्त घालण्यापेक्षा ते पुढच्या दोन स्पीकरवर घालावेत. स्पीकर ४ ओहमचे घ्यावेत. डिझेल इंजिनाच्या घरघरीत बोललेला शब्द समजला पाहिजे, ही आपली कसोटी. ढोलकीचा दणका हा भाषणाच्या कामाचा नाही.

जोडणीत हयगय नको

यंत्राच्या मागे रंगीत वायरींचा झुपका असतो. प्रचलित पद्धतीत पिवळी वायर बॅटरीकडून कायम येणाऱ्या विजेची, लाल वायर किल्ली फिरवल्यावरच वीज देणारी आणि काळी अर्थिंगची. पिवळी-लाल यांची अदलाबदल झाली तर दर वेळी रेडिओची केंद्रे पुसली जातात. दोन्ही एकत्र पिळून बॅटरीला जोडल्या तर किल्ली काढली तरी यंत्र जागेच राहते.

आमच्या शाखेच्या गाडीत एका कारागिराने नेमके हेच केले होते. आलापल्लीच्या पलीकडे दोन दिवसांचे शिबिर होते. एका मुलाने आवाज शून्यावर आणला आणि टेप बंद झाला असे समजून उतरला. यंत्र दोन दिवस वीज खात राहिले. परतीच्या संध्याकाळी गाडी सुरू होईना. सोबत नऊ माणसे, त्यांत एक बाळंतीण लेकुरवाळी, आणि मोबाइलला रेंज नाही. गावातल्या माडिया बांधवांनी धक्का दिला, तेव्हा अंधारात गाडी लागली. बाळाच्या आईने त्या वेळी तोंडातून शब्द काढला नाही, पण तिचा चेहरा आम्हाला अजून आठवतो. कारागिराने अर्धा तास वाचवला होता.

म्हणून तुमच्या गाडीसाठी मिळणारा तयार कनेक्टर मागावा, मूळ वायरी कापू देऊ नयेत. जोड पिळून नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली नसावी. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४७ च्या पुढे जातो, चिकटपट्टीचा डिंक पाघळतो आणि उघड्या वायरी एकमेकींना भिडतात. फ्यूज काढून तिथे तार घालणाऱ्याला दुकानाबाहेरूनच नमस्कार करावा. जोडणी झाल्यावर किल्ली काढा आणि यंत्राचा दिवा विझतो का ते तिथेच पाहा.

जुना टेप भंगारात देऊ नका

हा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली आणि पुढच्या काळात आपल्या चळवळीचा आवाज या कॅसेटांवरून खेड्यापाड्यांत गेला. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचा आवाज पुष्कळ घरांत पहिल्यांदा कॅसेटवरच ऐकला गेला. मोठ्या गायकांची गाणी आज दुसरीकडे मिळतीलही. पण तुमच्या गावच्या भजनी मंडळाची, विहाराच्या उद्घाटनाला झालेल्या भाषणांची, आजीने गायलेल्या भीमाच्या ओव्यांची कॅसेट जगात एकच असते. ती कोठीत पडून आहे आणि आमच्या दमट पावसाळ्यात तिच्या फितीवर बुरशी चढत आहे.

गाडीतला जुना टेप पुष्कळदा रबरी पट्टा सैल झाल्याने किंवा हेडवर मळ साचल्याने बंद पडतो. पट्टा बदलता येतो, हेड स्पिरिटने पुसता येते. दुरुस्त झालेला टेप, बारा व्होल्टचा पुरवठा आणि संगणक एवढ्यावर कॅसेटमधला आवाज उतरवून घेता येतो. हे काम शाखेतल्या तरुण मुला-मुलींना द्या. कॅसेटवर कोणाचा आवाज, कोणते गाव, कोणते साल हे माहीत असलेली माणसे हयात आहेत तोवर विचारून लिहून ठेवा. नाव नसलेला आवाज दुसऱ्या पिढीला परका होतो. उतरवलेल्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरांत ठेवा.

आवाज किती ठेवायचा?

बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. तेव्हा संगीताचे आणि धम्माचे वैर आहे असे कोणी समजू नये. मात्र उपोसथाला अष्टशील घेतलेले उपासक-उपासिका गाडीत असतील तर त्या दिवशी गाणी बंद ठेवावीत, कारण नृत्य-गीत-वाद्यापासून विरती हे त्या शीलांतच येते. रात्री गावातून जाताना काचा वर आणि आवाज खाली असावा. मूल-चंद्रपूर रस्त्यावर, इतर जंगलरस्त्यांवर आवाज कमीच ठेवावा. तिथे वाघ-बिबटेही रस्ता ओलांडतात आणि पाठीमागच्या ट्रकचा हॉर्नही ऐकू यावा लागतो. माडिया, गोंड बांधवांच्या पाड्यात भीमगीत कर्कश वाजवत शिरलो तर गीतातला समतेचा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचत नाही, नुसता गोंगाट पोचतो.

सोण नावाच्या भिक्षूला तथागतांनी वीणेचा दाखला दिला होता. तारा फार ताणल्या तरी नाद नाही, फार सैल सोडल्या तरी नाद नाही. टेपच्या खुंटीलाही तो लागू आहे.

शेवटी कारकुनी सूचना. खरेदीपूर्वी बैठकीत ठराव घ्या आणि त्या बैठकीला महिला मंडळाच्या भगिनींना बोलवा, कारण मागच्या सीटवर मुलांना घेऊन त्याच बसतात. तीन दुकानांतून दर घ्या. पक्के बिल आणि शिक्का मारलेले हमीपत्र घ्या. यंत्राचा अनुक्रमांक डेडस्टॉक रजिस्टरला चढवा, आणि कॅसेटांसाठी ठेवलेल्या जुन्या टेपचीही नोंद कायम ठेवा. वर्गणी देणाऱ्या मायमाउलीने कधीही येऊन विचारावे आणि पान उघडून दाखवता यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!