बैलाचे पुठ्ठे आणि बापाच्या पोटऱ्या

महाराष्ट्राच्या नकाशाबाहेर राहून मराठी बोलणाऱ्यांविषयी आम्हां गोवेकरांना थोडी जास्तच आपुलकी. मध्य प्रदेशातले पांढुर्णा आणि सौसर हे असेच दोन तालुके. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि दोन्ही त्यात गेले. संत्र्याच्या बागा, नागपुरी वळणाची मराठी आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यात होणारी गोटमार ही तिथली ओळख. त्या दिवशी डॉक्टर, रुग्णवाहिका, पोलीस सगळे हजर असतात, कारण दगडाची जखम दिसते. मला लिहायचे आहे ते न दिसणाऱ्या झिजेबद्दल.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-लोण्याने चोळतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याची ती विचारपूस. बाजारात बैल घेणारा शेतकरी त्याला काट्यावर चढवत नाही. दात पाहतो, पुठ्ठे पाहतो, चार पावले चालवून पाहतो. त्याच घरातला साठीपुढचा बाप मधुमेहाने वाळत गेला, तर मात्र ‘शुगर आहे, माणूस वाळायचाच’ म्हणून सगळे गप्प. आपल्याकडे तर उलटेच, ‘बरे झाले, वजन उतरले’ म्हणून कौतुक! पण उतरले ते काय, चरबी की स्नायू, हे विचारतो कोण?

हा प्रश्न आपल्याला फार जवळचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच दाखला दिला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! अंगकाठी बारीक दिसते, म्हणून आत सगळे ठीक असते असे नाही.

जेवणानंतर रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीने मोठ्या प्रमाणात ओढून घेतात ते स्नायू. ते झिजले की साखर ठेवायची कोठारेच कमी होतात. उलट इन्सुलिन कमी पडले की स्नायूंतली प्रथिने मोडू लागतात. म्हणजे एक दुसऱ्याला खाली खेचतो. अमेरिकेत सत्तरीतल्या लोकांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मधुमेह असलेल्या स्त्रियांच्या मांडीचे स्नायू इतर स्त्रियांच्या दुप्पट वेगाने घटलेले आढळले. पुढचे सांगायला नको. न्हाणीघरात पाय सरकतो, खुब्याचे हाड मोडते आणि चालता-फिरता माणूस खाटेला लागतो.

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांमधले मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघाले, २६.४ टक्के. तेव्हा पांढुर्ण्याच्या बापाची गोष्ट म्हापसा-मडगावच्या बापाचीही आहे.

माझ्यासारख्या कारकुनाला उपाय सुचतो तो रजिस्टरातलाच. तपासणीत आशाताई कंबर मोजतात. त्याच फितीने पोटरी मोजावी आणि एक रकाना वाढवावा. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार पुरुषाची पोटरी ३४ सेंटिमीटरहून आणि स्त्रीची ३३ हून कमी भरली, तर पुढे तपासायला हवे. दुसरी परीक्षा खुर्चीची. हात छातीशी बांधून पाच वेळा उठायचे-बसायचे. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टरांशी बोलायचे. सरकारी कचेरीत खुर्च्यांना तोटा नाही, त्यांवरून उठण्याची सवय तेवढी कमी!

राहिले जेवण. मधुमेह निघाला की घरोघर पहिली आज्ञा सुटते, ‘हे बंद, ते बंद’. भात कमी करावा, पण म्हाताऱ्याचे ताटच अर्धे करू नये. आमचे अळसांदे आणि तिकडची बरबटी ही चवळीचीच भावंडे; ती, डाळ, अंडे, नुस्ते ताटात हवे. मूत्रपिंडाचे दुखणे असेल तर किती, ते डॉक्टरांना विचारावे. आणि नुसते चालणे पुरत नाही. झेपेल तेवढे वजन उचलायला, पायांना ताण द्यायला हवा.

शेतकऱ्याला बैलाची ताकद नजरेने कळते. ती नजर पोळा संपला की गोठ्यातच ठेवू नये, घरातही आणावी, एवढेच म्हणणे.