मवाळपणाची मर्यादा

रिचर्ड लुगार ३६ वर्षे अमेरिकेच्या सिनेटमध्ये इंडियाना राज्याचे प्रतिनिधी होते. २०१२ साली त्यांनी सातव्या कार्यकाळासाठी उमेदवारी मागितली, तेव्हा ८ मे रोजी रिपब्लिकन पक्षाच्या मतदारांनीच ती नाकारली. विरोधकांशी समझोता करणे, हाच टी पार्टीवाल्यांच्या लेखी त्यांचा गुन्हा! मवाळांचा अस्त झाला म्हणून अनेकांनी हळहळ व्यक्त केली. आपण या कारकिर्दीकडे कसे पाहावे?

१९८६ साली अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार झुगारून वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध लादण्यात लुगार यांनी पुढाकार घेतला, हे निःसंशय श्रेयास्पद. परंतु याच गृहस्थांनी २००२ साली इराकवरील आक्रमणाच्या बाजूने मत दिले. अणुकराराचा मार्ग मोकळा करणारा २००६ चा हाइड कायदा सिनेटमध्ये त्यांनीच पुढे रेटला. त्या कायद्याच्या अटींनी भारताचे परराष्ट्र धोरण जखडले जाईल, असा इशारा तेव्हा डाव्या पक्षांनी दिला होता.

ही विसंगती व्यक्तिस्वभावाची नव्हे. १९८६ साली कृष्णवर्णीयांच्या संघटना, विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर होते. २००२ च्या मतदानापूर्वी तसा रेटा उभा राहू शकला नाही. २०१२ साली रेटा आला तो उजवीकडून, आणि मवाळ नेता त्यापुढे टिकला नाही.

मवाळ नेत्यांच्या सौजन्यावर विसंबून जनतेचे हक्क सुरक्षित राहत नाहीत. त्यांना योग्य बाजूस उभे करते ती संघटित जनशक्तीच. म्हणून हळहळ पुरे. ती शक्ती उभारणे हेच आपले काम.