विश्लेषण : फेणी, उर्राक, मोह… गावची दारू बारमध्ये पोहोचली, पण त्यासाठी तिला ‘विदेशी’ का व्हावे लागले?

मुंबई-पुण्यातील बारच्या मेन्यूकार्डवर गेल्या काही वर्षांत जिन आणि व्हिस्कीच्या शेजारी दोन ओळखीची नावे दिसू लागली आहेत : फेणी आणि मोह. कुठे फेणीत कोकम घातलेले असते, कुठे मोहाच्या मद्यात मध आणि लिंबू. त्या ग्लासचे फोटो निघतात, ‘काहीतरी नवीन प्यायलो’ अशा प्रतिक्रिया समाजमाध्यमांवर येतात. प्रत्यक्षात यात नवीन आहे तो ग्लास आणि त्याची किंमत. काजूच्या बोंडापासून आणि मोहाच्या फुलापासून कोकण, गोवा, पालघर, विदर्भात पिढ्यान् पिढ्या मद्य गाळले जाते. मग ते बारमध्ये यायला इतका वेळ का लागला? त्याचे उत्तर चवीत कमी आणि अबकारी कायद्याच्या वर्गवारीत जास्त सापडते.

‘देशी’ आणि ‘विदेशी’ म्हणजे नेमके काय?

सर्वसामान्य समज असा, की देशी म्हणजे इथली आणि विदेशी म्हणजे बाहेरून आलेली. कायद्याच्या भाषेत तसे नाही. महाराष्ट्रातल्या कारखान्यात, उसाच्या मळीपासून तयार झालेल्या स्पिरिटला व्हिस्कीचा रंग आणि स्वाद दिला, की ते ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ ठरते. त्याच मळीच्या स्पिरिटला संत्रा किंवा मोसंबीचा स्वाद दिला, की ते ‘देशी’. दोन्हींचा कच्चा माल एकच असू शकतो. फरक पडतो तो परवाना, कर आणि विक्रीच्या दुकानात. युरोपात मात्र व्हिस्की धान्यापासूनच व्हावी लागते. मळीच्या स्पिरिटपासून बनलेले पेय तिथे ‘व्हिस्की’ या नावाने विकता येत नाही.

या वर्गवारीचा फटका खऱ्या अर्थाने देशी असलेल्या मद्यांना बसला. फेणी ‘देशी दारू’च्या रकान्यात असल्याने तिची गोव्याबाहेर विक्री जवळपास अशक्य होती. मोहाचे मद्य तर बहुतेक ठिकाणी ‘हातभट्टी’ या एकाच शब्दात संपत होते.

महाराष्ट्राने २०२२मध्ये काय बदलले?

एप्रिल २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला : काजूची बोंडे आणि मोहाची फुले यांपासून तयार होणाऱ्या मद्याला यापुढे ‘विदेशी मद्या’चा दर्जा. देशी दारूच्या दुकानापुरते मर्यादित असलेले हे उत्पादन त्यामुळे बार आणि वाइन शॉपच्या फडताळात जाऊ शकते. त्याला चांगला भाव मिळण्याची वाटही खुली होते. निर्णय योग्य दिशेचा होता. पण गडचिरोलीच्या जंगलातले फूल आणि वेंगुर्ल्याचे बोंड यांना प्रतिष्ठा मिळावी म्हणून कागदावर परदेशी व्हावे लागले, ही गोष्ट आपल्या अबकारी व्यवस्थेबद्दल बरेच काही सांगते.

त्यानंतर जून २०२५मध्ये सरकारने ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा आणखी एक वर्ग तयार केला. हे धान्यापासून बनणारे मद्य आहे. त्या वेळी जाहीर झालेल्या १८० मिलिलीटरच्या किमान किरकोळ किमती अशा : देशी मद्य ८० रुपये, महाराष्ट्र मेड लिकर १४८, भारतीय बनावटीचे विदेशी मद्य २०५ आणि प्रीमियम विदेशी मद्य ३६० रुपये. म्हणजे बाटलीत काय आहे याआधी ती कोणत्या रकान्यात आहे, यावर तिची किंमत ठरते.

फेणी बनते कशी?

काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात गोव्यात आणले. फेब्रुवारी-मार्च ते मे हा हंगाम. झाडावरून गळून पडलेली पिकलेली बोंडे गोळा करतात, बी वेगळी काढतात आणि बोंडे तुडवून किंवा दाबून रस काढतात. हा रस काही दिवस आंबतो. त्यात बाहेरून यीस्ट घालण्याची पारंपरिक पद्धत नाही. मग तो भट्टीवर चढतो.

पहिल्या वेळी गाळून निघते ती उर्राक. तिच्यात अल्कोहोल साधारण १५ टक्के. ती हंगामातच प्यायची, कारण फार टिकत नाही. गोव्यात उन्हाळ्यात लिंबाचा सोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून उर्राक पितात. कॉकटेल हा शब्द न वापरता तयार झालेले हे अस्सल कॉकटेलच. उर्राक पुन्हा आंबलेल्या रसात मिसळून गाळली, की फेणी होते. तिचे प्रमाण ४० ते ४५ टक्क्यांच्या घरात जाते. माडाच्या सुरेपासूनही फेणी होते. ती काजूच्या फेणीपेक्षा वासाला सौम्य असते.

काजू फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०१६मध्ये गोव्याने कायद्यात बदल करून तिला ‘वारसा पेया’चा दर्जा दिला आणि २०२१मध्ये स्वतंत्र फेणी धोरण आणले. मानांकनाचा एक परिणाम सीमेपलीकडे दिसतो. तेरेखोल नदीच्या अलीकडे, सिंधुदुर्गात झाड तेच, बोंड तेच आणि भट्टीची रीतही तीच. पण इथल्या मद्याला ‘फेणी’ म्हणता येत नाही. काजू बी विकली जाते आणि बोंडांचा मोठा भाग झाडाखालीच कुजतो. नवा दर्जा कामी यायचा, तर सिंधुदुर्गाला स्वतःचे नाव आणि स्वतःची ओळख उभी करावी लागेल.

मोहाचे काय झाले?

मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन बाया-मुले झाडाखाली पोहोचतात. फुलात साखर भरपूर असते. ती वाळवून वर्षभर ठेवता येतात, भाकरीत घालता येतात, गुरांना देता येतात आणि आंबवून गाळताही येतात. आदिवासी घरांत ती आधी अन्न आहेत, नंतर दारू.

ब्रिटिशांना मात्र त्यात महसुलाची गळती दिसली. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्यांच्या जागी मक्ते आणि मोठ्या भट्ट्यांची व्यवस्था बळकट केली. १८९२च्या कायद्याने तर खुद्द मोहाच्या फुलांच्या साठ्यावर आणि व्यवहारावर नियंत्रण आले. स्वातंत्र्यानंतर १९४९चा दारूबंदी कायदा आला आणि फुलांवरचे निर्बंध वेगळ्या रूपात टिकून राहिले. राज्य सरकारने मोहफुलांचे संकलन, साठवणूक आणि वाहतूक यांवरील निर्बंध उठवले ते २०२१मध्ये.

दरम्यान बाजार पुढे गेला. २०१८मध्ये गोव्यात ‘डेसमंडजी’ या नावाने मोहाचे बाटलीबंद मद्य आले. पालघर जिल्ह्यातील डहाणूच्या ‘साउथ सीज डिस्टिलरीज’ने २०२४मध्ये ‘सिक्स ब्रदर्स महुरा’ बाजारात आणले. मध्य प्रदेशने २०२२-२३च्या अबकारी धोरणात मोहाच्या मद्याला ‘हेरिटेज लिकर’ म्हणून जागा दिली आणि अलीराजपूर, दिंडोरी येथील आदिवासी बचत गटांना उत्पादनात घेतले. यात शेवटचा मार्ग वेगळा आहे. तिथे फूल गोळा करणाऱ्यांच्या हातात भट्टी ठेवण्याचा प्रयत्न आहे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी, की मोहाचे जंगल जिथे सर्वाधिक दाट आहे त्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी आहे. ती मुंबईहून लादलेली नाही. लोकचळवळीतून ती आली आणि घर सांभाळणाऱ्या बायांनी तिच्यासाठी आवाज उठवला. त्यांचा राग चवीवर नव्हता. दारूत जाणाऱ्या मजुरीवर आणि घरातल्या मारहाणीवर होता. ‘मोह हा आपला वारसा आहे’ असे शहरातल्या बारमध्ये बसून म्हणताना ही बाजू विसरून चालणार नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. गावात मोह गाळणाऱ्या बाईवर गुन्हा दाखल होतो आणि त्याच फुलाचे कॉकटेल शहरात चढ्या दराने विकले जाते. फुलाचा किलोमागे भाव आणि कॉकटेलच्या एका ग्लासची किंमत यांतले अंतर ज्याच्या खिशात जाते, तो सहसा जंगलात राहत नाही.

यावर तोडगा कायद्यातच आहे. १९९६चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला दोन अधिकार देतो : मद्याची विक्री-सेवन रोखण्याचा किंवा नियंत्रित करण्याचा आणि गौण वनोपजाच्या मालकीचा. मोहाच्या धोरणाचा पाया हाच असायला हवा. ज्या ग्रामसभेला दारू नको, तिचा नकार अंतिम माना. तिथल्या फुलांपासून लाडू, मनुका, जॅम यांचा बाजार उभा करा. ज्या ग्रामसभेला भट्टी हवी, तिथे लहान परवाना, तपासणीची सोय आणि विक्रीत वाटा द्या. दोन्ही ठिकाणी निर्णय गावाचा हवा.

हातभट्टीची दारू ‘नैसर्गिक’ म्हणून सुरक्षित असते का?

नाही. फळे-फुले आंबवताना थोडे मिथेनॉल तयार होऊ शकते. जाणकार गाळणारा सुरुवातीचा भाग बाजूला काढतो आणि कारखान्यात प्रयोगशाळेत तपासणी होते. खरा धोका असतो तो नशा वाढवण्यासाठी औद्योगिक मिथेनॉल मिसळलेल्या बेकायदा दारूचा. जून २०१५मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशा दारूने १००हून अधिक जणांचा बळी घेतला. म्हणून ‘ओळखीच्या माणसाने गावाहून आणली’ ही शुद्धतेची हमी होत नाही. लहान भट्ट्यांना परवाना देण्याचे सर्वात मोठे कारणही हेच आहे. अंधारात चालणाऱ्या भट्टीची तपासणी कोणी करू शकत नाही.

चाखताना आणि मत देताना काय पाहावे?

नवे मद्य चाखून त्याबद्दल बोलणाऱ्यांची संख्या वाढली आहे. त्यातले बरेचसे मत ‘स्मूद आहे’ किंवा ‘वास उग्र आहे’ इथेच थांबते. फेणीचा वास उग्र असतोच. तो पिकलेल्या बोंडाचा वास आहे. स्कॉचच्या मापाने तिला मोजले तर ती नापासच होणार. थोडे अधिक उपयोगी मत द्यायचे तर :

• आधी लेबल वाचा. कच्चा माल कोणता, अल्कोहोल किती टक्के, कुठे गाळले? फेणीच्या नावाने विकली जाणारी बाटली खरोखर बोंडाची आहे की साध्या स्पिरिटमध्ये स्वाद मिसळलेला आहे, हे पाहा.

• पहिला घोट कॉकटेलचा नको. थोडेसे नुसते, मग थोडे पाणी घालून. पाण्याने अल्कोहोलची झोंबणी कमी होते आणि वास मोकळा होतो.

• ओळखीच्या शब्दांत सांगा. ‘फ्लोरल नोट्स’पेक्षा ‘मनुकांसारखा गोडसर, मागे धुराचा वास’ हे वाचणाऱ्याला जास्त कळते.

• कॉकटेलची कसोटी सोपी आहे : मूळ मद्याची चव शिल्लक आहे का? साखर आणि सिरपाखाली फेणी हरवली असेल, तर तिथे व्होडकाही चालली असती.

• बाटली फुकट मिळाली असेल किंवा पैसे घेतले असतील, तर मत देऊ नका. ती जाहिरात आहे आणि महाराष्ट्रात मद्याच्या जाहिरातीला कायद्याने बंदी आहे.

कायद्याचेही विसरू नका. महाराष्ट्रात मद्य पिण्यासाठी परवाना लागतो. बीअर आणि वाइनसाठी किमान वय २१, इतर मद्यासाठी २५. गोव्यात आवडलेली फेणीची बाटली परवान्याशिवाय राज्यात आणणे हा गुन्हा आहे. आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट केले आहे, की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. ‘वारसा’ हा शब्द लेबलवर आला म्हणून यकृत वेगळा हिशेब करत नाही.

पुढे काय?

फेणी आणि मोहाला दर्जा मिळाला, हे चांगलेच झाले. आता प्रश्न आहे तो या दर्जाच्या लाभाचा. गोव्यात फेणीला मानांकन मिळाले तरी भट्टीवर राबायला पुढची पिढी हवी आणि बोंडे गोळा करणाऱ्याला परवडेल असा भाव हवा. महाराष्ट्रात तर सुरुवातच आहे. सरकारने ‘विदेशी’ हा उसना दर्जा बाजूला ठेवून कच्चा माल आणि मूळ गाव सांगणारा स्वतंत्र वर्ग करावा. त्या वर्गातील परवान्यात पहिला हक्क संकलकांच्या गटांना आणि काजू बागायतदारांच्या सहकारी संस्थांना द्यावा.

पिणाऱ्यांच्या हातातही थोडे आहे. ग्लास कसा दिसतो याच्या आधी त्यातले फूल कुणी वेचले, हा प्रश्न बारमध्ये वारंवार विचारला गेला, तर त्याचे उत्तर लेबलवर छापणे उत्पादकांना भाग पडेल.