फुटक्या घुमटाला महागडं चामडं

गोव्याच्या माणसाच्या रक्तात गाणं आहे, हे वाक्य मी सत्कार-समारंभांतून किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही. केरीच्या सूरश्री केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे मास्टर दीनानाथ आणि अभिषेकीबुवा... यादी संपली की टाळ्या, टाळ्या संपल्या की चहा. मग ही सगळी रसिक मंडळी बाहेर येतात, आपापल्या गाडीत बसतात आणि स्टिरिओ लावतात. आत जे वाजतं त्याला गाणं म्हणायचं असेल तर पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवण्यालाही म्हणावं लागेल!

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्यापैकी बहुतेकांचं रोजचं ऐकणं गाडीतच होतं. फोंड्याहून पणजीला, म्हापशाहून वेर्ण्याला जाता-येता जो तास-दीड तास मिळतो तोच. घरी टीव्ही, ऑफिसात फायली. आणि ज्यांची नावं आपण मिरवतो त्या माणसांचं आता आपल्याकडे उरलंय काय? ध्वनिमुद्रणं. मोगूबाईंचं कुर्डी गाव साळावलीच्या धरणात गेलं, केसरबाईंनी तर ध्वनिमुद्रणाचा कायम कंटाळाच केला. म्हणजे जे उरलंय ते थोडं, आणि तेही आपण ऐकतो दाराच्या पत्र्यात अडकवलेल्या एका कागदी भोंग्यातून. म्हणून म्हणतो, गाडीचे स्पीकर बदला. आणि शक्य तिथे स्वतःच्या हातांनी बदला.

हे म्हटलं की तीन तऱ्हेचे लोक अंगावर येतात.

पहिले म्हणतात, "कंपनीने दिलंय ते काय वाईट?" अहो, कंपनी गाडी विकते, गाणं नाही. साध्या गाडीच्या दाराचं आतलं कव्हर काढून बघा. कागदाचा कोन, मागे बिस्किटाएवढं लोहचुंबक, सभोवती प्लास्टिकची चौकट, बहुतेक वेळा रिव्हेटने ठोकलेली. त्याच एका कोनाने डग्ग्याचा घुमारा द्यायचा आणि त्यानेच शब्दातला 'स' आणि 'श' वेगळा ऐकवायचा. कसं जमेल? नाट्यपदाचा अर्धा जीव शब्दांत असतो. शब्द कळत नाहीत म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि वाढवला की कोन फाटका बोलायला लागतो. केसरबाईंची भैरवी 1977 साली व्हॉयेजरबरोबर अंतराळात गेली. तिथे ती ऐकायला कोणी भेटेल न भेटेल, पण इथे गोव्यात तिची भुणभुण होऊ नये एवढी तरी काळजी आपण घ्यायला नको?

दुसरे लोक जास्त धोक्याचे. ते म्हणतात, "दुकानात जा, पॅकेज घे, डिकीत बूफर टाक." यांना गाणं ऐकायचं नसतं, शेजाऱ्याच्या खिडकीची काच हलवायची असते. दुकानदारही त्यांना वॅट विकतो. खोक्यावर लिहिलेलं असतं, 50 वॅट गुणिले 4. आता मी कला शाखेचा पदवीधर, पण एवढं गणित मलाही येतं. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे 14.4 व्होल्ट असतात. त्याला 1.414 ने भागा, येणाऱ्या आकड्याचा वर्ग करा, स्पीकरच्या 4 ओहमने भागा. उत्तर येतं 26 वॅट. म्हणजे सगळं आदर्श धरलं तरी साध्या स्टिरिओतून एका स्पीकरला 26 च्या वर स्वच्छ वॅट मिळणं शक्यच नाही, आणि प्रत्यक्षात वीसच्या आतबाहेर मिळतात. उरलेले वॅट खोक्यावरच राहतात. विचारायचं ते आरएमएस किती आणि सेन्सिटिव्हिटी किती. तीन डेसिबल जास्त सेन्सिटिव्हिटी म्हणजे दुप्पट वॅट फुकटात. हा प्रश्न काउंटरवर विचारा आणि समोरच्याचा चेहरा बघा.

मग ते मागच्या ट्रेवरचे लंबगोल स्पीकर! मित्रहो, मैफलीत गायकाकडे पाठ करून कोणी बसतं का? मग गाडीत मानेमागून गाणं का ऐकायचं? पैसे थोडे असतील तर ते सगळे पुढच्या दोन दारांत घाला. मागचे राहू द्यात तसेच. माणसाचा गळा, सारंगी, हार्मोनियम, यांतलं 80 हर्ट्झच्या खाली जवळपास काही नसतं. डिकीतला बूफर राबतो तो मुख्यतः त्याच्या खालीच. म्हणजे आपल्या गाण्यासाठी त्याची गरजच नाही. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, ती बूफरवाल्यांना कोण सांगणार? मी आवाज मोठा करा म्हणत नाहीये. चांगल्या स्पीकरचा खरा फायदा हाच की तो हळू लावला तरी सगळं ऐकू येतं.

आता मुद्द्याचं. महाग स्पीकर घेतला म्हणजे झालं, हाही भ्रमच. आपलं घुमट बघा. 2019 साली सरकारने त्याला वारसा वाद्य म्हणून मान दिला. त्याची किमया केवळ चामड्यात नाही. मातीचं मडकं, आतली हवा आणि दुसऱ्या तोंडावर उघडझाप करणारा हात, हे सगळं मिळून तो घुमारा येतो. मडक्याला तडा गेला की चामडं कितीही उत्तम लावा, बद्द वाजणार. गाडीचं दार म्हणजे स्पीकरचं मडकंच. आणि त्या मडक्याला आतून हात जाईल एवढाली भोकं असतात! कोनाच्या पुढची हवा आणि मागची हवा त्या भोकांतून एकमेकांना भेटतात आणि खर्ज मारून टाकतात. म्हणून स्पीकरइतकंच काम दाराचं. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइलची जाड शीट चिकटवायची, आतली भोकं बंद करायची. डांबरी शीट स्वस्त मिळते, पण एप्रिल-मेच्या उन्हात ती पातळ होते आणि गाडीला रस्त्याच्या कामाचा वास येतो.

इथेच आपला पाऊस आठवायला हवा. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि काचेवरचं पाणी दाराच्या आतूनच खाली जातं. तळाशी त्याला जायला छिद्रं असतात, ती चुकूनही बुजवू नका. आतला प्लास्टिकचा पडदा नीट काढून नीट परत लावा. स्पीकरखाली जी कडी बसवतात ती साध्या प्लायवूडची घेतली तर दोन पावसाळ्यांत फुगून पुरणपोळी होईल. प्लास्टिकची घ्या, नाहीतर मेस्ताकडून मरीन प्लायची कापून व्हार्निश मारून घ्या.

बाकी काम सोपं आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. काच पूर्ण खाली करून खोली मोजा, नाहीतर काच लोहचुंबकावर आपटेल. कंपनीची वायर कापू नका, जोडणीचे तयार कपलर मिळतात. वायर कापली की वॉरंटीवर बोट ठेवायला कंपनीला जागा मिळते. स्पीकरच्या प्लस-मायनसला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो. एका बाजूची जोडणी उलटी झाली तर दोन्ही स्पीकर एकमेकांचा खर्ज खातात आणि आपण दोष देतो कंपनीला. साध्या जोडीला तीन-चार हजार, शीटचे थोडे वर, आणि एक रविवार. बस्स.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काही नव्या गाड्यांत दाराच्या पोकळीत एअरबॅगचा दाबमापक असतो, काहींत सीटखाली कंपनीचा वेगळा अॅम्प्लिफायर आणि 2 ओहमचे स्पीकर असतात. तिथे आधी मॅन्युअल वाचा, शंका असेल तर हात लावू नका. वेगळा अॅम्प्लिफायर बसवणार असाल तर बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज हवाच. नसला तर उघडी पडलेली वायर गाडी पेटवू शकते.

आणि आता तिसरे लोक, माझ्याच जातकुळीचे, बाबूलोक. ते म्हणतात, "बाबा, हे आपलं काम नव्हे. गाराजवाला आहे ना." हे वाक्य मला सगळ्यात जास्त झोंबतं. आपले आजोबा कंदिलाची काच स्वतः पुसत, तानपुऱ्याची जवारी स्वतः लावत. आपण मात्र शिकलो आणि स्क्रूड्रायव्हर धरायची लाज वाटायला लागली. कला अकादमी नूतनीकरणानंतर 2023 मध्ये उघडली आणि तिथल्या ध्वनिव्यवस्थेवरून केवढा गदारोळ झाला! त्यावर बोलायची मला मुभा नाही, मी सरकारी नोकर. पण सभागृहाच्या ध्वनीवर पोटतिडकीने बोलणाऱ्याने स्वतःच्या गाडीच्या दाराचे चार स्क्रू तरी कधी काढलेत का, एवढं विचारायला कोणाच्या परवानगीची गरज नसावी.

चांगला स्पीकर जुन्या तबकडीची खरखरही चांगलीच ऐकवतो, हे खरं. ऐकू द्या. त्या खरखरीच्या मागे एक बाई श्वास घेते, तान सुटण्याआधीचा. कागदी भोंग्यातून तो श्वास येत नाही. वारसा जपायच्या गप्पा नंतर मारू, आधी तो श्वास ऐका.