एंडोमेट्रिओसिसची तीव्र वेदना : पिशवी काढण्याआधी कोणते उपाय आहेत?

“डॉक्टर, दर महिन्याला मरण्यापेक्षा पिशवीच काढून टाका.” माझ्या ओपीडीत हे वाक्य नेहमी ऐकू येते. बोलणारी बाई बहुतेक वेळा तिशीतली असते. जळगाव-धुळ्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत किंवा केळीच्या बागेत एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे ‘एकदाच काय ते होऊन जाऊ दे’ असे वाटणे समजू शकते. पण एंडोमेट्रिओसिसमध्ये पिशवी काढणे हा पहिला उपाय नाही, आणि त्याने वेदना संपेलच याची खात्रीही नाही.

हा विषय आता का महत्त्वाचा?

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांचे सर्वेक्षण झाले. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे दर सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटात देशभरातील हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. त्यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असे सर्व राज्यांना सांगितले. त्यात राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या आहेत.

आपल्या चाळीसगाव, साक्री भागातूनही दरवर्षी ऊसतोडीला टोळ्या जातात, म्हणून बीडची गोष्ट आपल्याला परकी नाही. समिती शस्त्रक्रिया मोजेल, चौकशी करेल. पण पाळीच्या दुखण्यावर वेळेत योग्य औषध मिळाले नाही, तर बाई शेवटी शस्त्रक्रियेच्याच दारात येणार. म्हणून आधीचे पर्याय तुम्हाला माहीत हवेत.

आजार काय आहे?

गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखे अस्तर पिशवीबाहेर, म्हणजे अंडाशयावर, आतड्याजवळ किंवा लघवीच्या पिशवीजवळ वाढते. तिथे सूज येते, आतले अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के मुली-महिलांना हा आजार असतो.

कामावर किंवा शाळेत जाता येणार नाही इतकी पाळीत वेदना, संबंधांच्या वेळी दुखणे, पाळीत शौचाला किंवा लघवीला दुखणे, मूल राहण्यात अडचण ही मुख्य लक्षणे. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आजार नाही असे ठरत नाही. तसेच, दुर्बिणीने खात्री होईपर्यंत औषध थांबवण्याची गरज नसते. लक्षणे आणि तपासणीवरून उपचार सुरू करता येतात.

उपचारांच्या पायऱ्या

१. वेदनाशामक : मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा आयब्युप्रोफेन दुखायला लागताच, जेवणानंतर घ्यायचे. वेदना शिगेला पोहोचल्यावर घेतले तर उपयोग कमी होतो. मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर किंवा दमा असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

२. हार्मोनची औषधे : तीव्र वेदनेवरचा हा मुख्य उपचार आहे.
- गर्भनिरोधक गोळ्या, कधी कधी खंड न पाडता. उच्च रक्तदाब, रक्ताच्या गुठळ्या किंवा डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी असेल तर या चालत नाहीत.
- डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम, रोज एक. सुरुवातीला मधूनमधून रक्त जाते, म्हणून अनेक जणी महिनाभरातच सोडतात. फरक कळायला साधारण तीन महिने द्या. गर्भनिरोधनासाठी मात्र हिच्यावर विसंबू नका.
- हार्मोनची तांबी. एकदा बसवली की साधारण पाच वर्षे काम करते.
- तीन महिन्यांनी घ्यायचे प्रोजेस्टेरॉन गटातले इंजेक्शन. सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ नावाने मोफत मिळणारे गर्भनिरोधक याच गटातले आहे. ते थांबवल्यावर गर्भ राहायला वेळ लागू शकतो.

या औषधांनी आजार दबतो, मुळासकट जात नाही. मूल हवे असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, कारण ही औषधे चालू असताना गर्भ राहत नाही किंवा राहू द्यायचा नसतो. तेव्हा मार्ग वेगळा असतो.

३. ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शने : ती तात्पुरती पाळी बंद करतात. अंगातून वाफा येतात, हाडे ठिसूळ होऊ शकतात. म्हणून मर्यादित काळ आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

४. दुर्बिणीची शस्त्रक्रिया : बाहेर वाढलेले अस्तर, अंडाशयातील गाठ आणि चिकटलेले भाग काढतात, पिशवी राहते. आजार पुन्हा होऊ शकतो. मूल लगेच नको असेल तर नंतर हार्मोनचे औषध चालू ठेवल्यास ती शक्यता कमी होते.

पिशवी कधी काढायची?

बाकी उपाय करूनही वेदना असह्य असेल, मूल नको असेल आणि बाईने स्वतः समजून निर्णय घेतला असेल, तर हा योग्य पर्याय ठरू शकतो. मात्र बाहेरचे अस्तर आतच राहिले तर दुखणेही राहू शकते. आणि कमी वयात दोन्ही अंडाशये काढली तर एकदम रजोनिवृत्ती येते, हाडे व हृदयावर परिणाम होतो.

संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा :
- माझे निदान नेमके काय आहे? लेखी द्याल का?
- कोणती औषधे किती महिने देऊन पाहिली?
- अंडाशये ठेवणार की काढणार? का?
- बाहेरचे अस्तरही काढणार का?

दुसरे मत घेणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे स्त्रीरोग विभाग आहेत. जुने सर्व कागद सोबत न्या.

तातडीने कधी जावे? अचानक असह्य पोटदुखी, चक्कर, ताप, सतत उलट्या, किंवा पाळी चुकलेली असताना दुखणे, यात थांबू नका.

घरच्यांसाठी एकच सांगणे. “बायकांना दुखतंच” म्हणू नका. तिचे दुखणे कोणत्या दिवशी किती होते, कामाचा खाडा किती झाला, हे तीन महिने वहीत लिहा आणि ती वही घेऊन तिच्यासोबत दवाखान्यात या. उपचाराची दिशा ठरवायला तिचा मोठा उपयोग होतो.